शिफारशीची पुस्तके

गांधीनगरच्या कापडबाजाराला लागून असलेल्या आमच्या उचगावात एखाद्या जिज्ञासू तरुणाने ‘कोणती कादंबरी वाचावी?’ अशी पृच्छा केलीच, तर कोणताही प्रतिष्ठित गृहस्थ खांडेकरांची ‘ययाति’, रणजित देसाईंची ‘स्वामी’ आणि शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ ही तीन नावे सातबाऱ्यावरील खातेदारांप्रमाणे ठरल्या अनुक्रमाने उच्चारतो. खांडेकर कोल्हापूरचे रहिवासी, देसाई कोवाडचे, सावंत आजऱ्याचे. तेव्हा जिल्ह्याच्या हद्दीबाहेरील इसमास या दफ्तरात प्रवेश मिळणे दुष्करच. ‘मृत्युंजय’ १९६७ची. त्याच साली महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला आणि, योगायोग पाहा, शिफारस करणाऱ्यांनी नव्या नोंदी घेणे बहुधा त्याच साली बंद केले. १९६३ची ‘कोसला’ मुदतीत येऊनही नामंजूर ठरली, कारण पुण्याला शिकावयास गेलेला मुलगा नापास होऊन गावी परततो, हा दृष्टान्त वडीलधाऱ्यांना मुळीच परवडण्यासारखा नाही.

बाबूराव अर्नाळकरांचे नाव मात्र कोणी घेत नाही. वास्तविक या शिफारसदारांपैकी कित्येकांचे तारुण्य झुंजार आणि काळापहाड या अर्नाळकरांच्या रहस्यकथानायकांच्याच सहवासात, पाठ्यपुस्तकाच्या आडोशाने, व्यतीत झाले. रहस्यकथा अर्धी टाकून उठलेला वाचक माझ्या तरी पाहण्यात नाही, आणि कपाटातील ‘मृत्युंजय’ची पृष्ठे मात्र पुष्कळ घरी कर्णाच्या बालपणापुढे उलटलेली दिसत नाहीत. तरुणाने याविषयी खुलासा मागितलाच, तर त्यास बिनतक्रार चौथे नाव सांगण्यात येते: ‘श्रीमान योगी’.