मुलुंडला कुमक पाठवा

‘सभासदाने रविवारी सकाळी 10 ते 10.30 या वेळेत स्वतः कार्यालयात येऊन सही करावी.’ मुलुंड पूर्वेच्या सोसायटीची नोटीस. सभासद लडाखला तैनात. बायको तसं सांगायला गेली, तर सेक्रेटरी म्हणाले, ‘वहिनी, अर्ध्या तासाचं तर काम आहे!’

अमेरिकी लष्करात नागरी व्यवहार सांभाळणाऱ्या खास तुकड्या असतात, बहुतेक राखीव सैनिकांच्या. परमुलखातल्या गावकऱ्यांशी, पुढाऱ्यांशी बोलून फौजेच्या वाटेतले अडथळे दूर करायचे, हे त्यांचं काम. तैनात फौजेला त्या पुरतात का, यावर तिकडे खल चालतो. नाही पुरत. एक तुकडी मुलुंडला धाडून बघा. गेटवरच वॉचमन अडवील : कुठला फ्लॅट? चिलखती गाडी बाहेर लावा, पाहुण्यांना पार्किंग नाही. कार्यालयाला कुलूप. किल्ली खजिनदारांकडे, खजिनदार बोरिवलीला लेकीकडे. शिक्का सेक्रेटरींच्या कपाटात, आणि गच्ची गळल्यापासून दोघांचं बोलणं बंद. तिथे काबूलचा अनुभव कामाचा नाही.

इंग्रज काही जवानाचे मामा नव्हते. तरी 1925 साली त्यांनी कायदा केला : जवान युद्धावर असेल तर त्याच्यामागे दावा रेटायचा नाही, तहकूब ठेवायचा. तो कायदा आजही आहे. 2016 पासून तर लष्करी मतदाराला टपाली मतपत्रिका ऑनलाइन मिळते. म्हणजे सियाचेनवर बसून देशाचं सरकार निवडता येतं, सोसायटीची कमिटी नाही. सहकार कायदा म्हणतो : मत स्वतः द्या, दुसऱ्याकरवी चालणार नाही. बरं, मताचं एक वेळ समजलं. पण सही? अहो, कर्नलसाहेबांसमोर केलेली, युनिटचा शिक्का मारून टपालाने आलेली सही संशयास्पद, आणि तुमच्या त्या लंगड्या टेबलावर केलेली तेवढी खरी? जरा तरी लाज?

कंटाळून जवानाची बायको फ्लॅट भाड्याने देऊन साताऱ्याला सासरी गेली, तर बिनभोगवटा शुल्क लागणार. 2001 च्या सरकारी आदेशाने त्याला सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांची मर्यादा घातली म्हणून, नाहीतर यांनी लडाखपर्यंतचे किलोमीटर मोजून आकारलं असतं.

15 ऑगस्टला मात्र याच वहिनींकडून मिस्टरांचा गणवेशातला फोटो मागवला जातो, बॅनरसाठी. शेजारी सेक्रेटरींचा, अंमळ मोठा. त्या बॅनरची वर्गणी जवानाच्या बिलात थकबाकी म्हणून चढली आहे, 21 टक्के व्याजासह.