किनारी लूकवाला

शनिवारी सकाळी भाऊच्या धक्क्यावर मांडव्याच्या रो-रो बोटीत गाड्या चढतात, तेव्हा ज्या गाडीच्या डिकीतून सुंभाचं वेटोळं, वेताची टोपली आणि मुद्दाम गंजवलेला कंदील डोकावत असेल, तिचा मालक ‘किनारी लूकवाला’ आहे असं खुशाल समजावं. 2020 च्या मार्चमध्ये ही बोट सुरू झाली, तासाभरात गाडीसकट पलीकडे उतरायची सोय झाली आणि या जमातीला बरे दिवस आले. किहीम, आवास किंवा नागावच्या एखाद्या वाडीत त्यानं जुना बंगला घेतलेला असतो. जुना म्हणजे पेशवाईतला नव्हे, 1980 च्या आसपासचा. भिंतींना पिस्ता रंगाचा ऑइलपेंट, खाली मोझेइकची लादी, सनमायकाची कपाटं, शोकेसमध्ये प्लॅस्टिकचे गुलाब. छप्पर शाबूत असतं, नळाला पाणी असतं, दारंही नीट लागतात. तरी तो उंबऱ्यातच थबकतो आणि नाडी पाहिल्यासारखा चेहरा करून निदान सांगतो, ‘फारच डेटेड आहे.’ घर गळकं असतं तर गवंडी पुरला असता. डेटेड घराला मात्र ‘रस्टिक-बीची’ करून घ्यावं लागतं, आणि या आजाराचा खर्च गळतीपेक्षा मोठा असतो.

त्याला हसणं सोपं आहे, पण तो नेमका कुठे चुकतो ते पाहण्यात जास्त मौज आहे. माझं म्हणणं असं, की कोकणातल्या घराच्या प्रत्येक अंगामागे काहीतरी कारण होतं, आणि ते कारण काढून टाकलं की जे उरतं त्याला लूक म्हणतात. पडवीवरचं छप्पर इतकं खाली उतरवत की उंच माणसाला मान तुकवावी लागे, ते चार महिन्यांच्या तिरप्या पावसासाठी. जाड चिऱ्याची भिंत, लहान खिडक्या आणि भरदुपारी अंधारं माजघर, ही वैशाखातल्या उन्हाची तजवीज. ज्यांच्यासाठी लूकवाला जीव टाकतो ती मंगलोरी कौलं तर मुळात बाहेरचीच. बासेल मिशननं 1865 साली मंगळुरात कारखाना काढला आणि ती किनाऱ्यानं पसरली, कारण ती एकमेकांत अडकून बसत आणि पाऊस थोपवत. थोडक्यात, समुद्रकाठचं घर समुद्राला बाहेर ठेवण्यासाठी बांधत. लूकवाला त्यालाच हौसेनं आत बोलावतो. भिंती पांढऱ्याशुभ्र, पडदे निळे, समोर अखंड काच. हा थाट शोभतो तो थंड देशांच्या किनाऱ्यावर, जिथे ऊन पाहुण्यासारखं येतं आणि आग्रह करकरून बसवून घ्यावं लागतं. अलिबागला ऊन घरजावयासारखं असतं. त्याला आणखी पाट मांडायची गरज नाही.

सजावटीतही हाच प्रकार. बैठकीच्या भिंतीवर जाळं टांगलेलं असतं. कोळ्याच्या घरी जाळं असतं ते विणायला आणि सांधायला. त्यानं ते शोभेसाठी भिंतीवर लावलंच, तर कोळीण आधी जाळ्याचा वास घेईल आणि मग नवऱ्याची खबर. शेजारी जहाजाचं लाकडी चाक. कोकणातल्या जुन्या शिडाच्या होड्यांना चाक नसे, सुकाणूचा दांडा असे. पण दांडा टांगला तर पाहुणे त्यावर टॉवेल वाळत घालतील. शिंपल्या भाजून याच किनाऱ्यावर चुना करत आणि त्यावर भिंती उभ्या राहत. इथे त्या काचेच्या बरणीत राहतात. सर्वांत कठीण प्रसंग सुतारावर येतो. सांधा दिसू नये आणि कड उडू नये, यातच त्याची हयात गेली. आता त्याला नव्याकोऱ्या सागवानी टेबलाला रंग द्यायचा, तो पॉलिशपेपरनं खरवडायचा आणि वर साखळीचे चार तडाखे हाणायचे असतात. काम बिघडलं म्हणून बोलणारं गिऱ्हाईक त्याला माहीत आहे. पुरेसं बिघडलं नाही म्हणून बोलणारं तो प्रथमच पाहतो. जमिनीचंही तेच. सारवणाचा मातकट रंग हवा, म्हणून सिमेंटात रंग घोटतात. सारवण मात्र नको, कारण ते पुन्हा पुन्हा करावं लागतं, आणि ते करणारी, कंबरेत वाकलेली बाई कुठल्याही लूकमध्ये बसत नाही.

यावर कुणी म्हणेल, हौसेला कसलं आलंय कारण? तो सनमायका तरी कुणी कारणापुरता लावला होता? बरोबर आहे. मुंबईच्या पगारावर ज्यानं शेणाची जमीन उखडून मोझेइक घातलं, त्यालाही बापाचं घर जुनाटच वाटलं होतं आणि आपलं घर शेजाऱ्यांनी पाहावं अशी हौसही होती. पण त्या हौसेनं घरातल्या बाईची कंबर वाचली; लूकवाल्याच्या हौसेनं वाचतात ते फक्त फोटो, तेही संध्याकाळच्या उजेडात काढलेले. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. सातबाऱ्यावर डझनभर नावं चढलेली कित्येक घरं कोकणात कुलपाआड कोसळत आहेत. त्यांच्या मानानं हा माणूस घर उभं तरी ठेवतो, गवंड्या-सुतारांना काम देतो. हे मान्यच करावं लागेल. जुनं घरही काही अमर नव्हतं. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा कौलं उडाली आणि पत्रेही उडाले. फक्त कौलारू घर गावातला माणूस शिडी लावून शाकारू शकतो. अखंड काचेसाठी शहराकडे डोळे लावून बसावं लागतं. घर वाचवल्याचे गुण त्याला द्यावेत, पण पडवी मोडून काच लावल्याचे कापावेतच.

आणि खरी गंमत अशी, की जे तो पैसे मोजून आणतो, ते समुद्र फुकट द्यायला बसलेला असतो. खाऱ्या वाऱ्याला फक्त दोन पावसाळ्यांची सवड हवी. बिजागऱ्या गंजतात, रंगाचे पोपडे सुटतात, काथ्याच्या गालिच्यावर बुरशी धरते, आणि साखळीच्या तडाख्यांनी जे साधलं नव्हतं ते दमट हवेनं टेबलाला साधतं. गणपतीच्या सुमारास बंद बंगला उघडावा, तर अस्सल रस्टिक, अस्सल बीची घर समोर उभं असतं. लूकवाला उंबऱ्यातच थबकतो, नाकाला रुमाल लावतो आणि रंगाऱ्याला फोन करतो.