दक्ष संपादकाचा जाहीर सत्कार

‘व्हिम’ या १९९१ सालच्या टेक्स्ट एडिटरची कर्तव्यदक्षता वाखाणावी तेवढी थोडीच. २०० अक्षरं टाइप झाली किंवा हात ४ सेकंद थांबला, की मजकुराची नोंद गुपचूप एका ‘एसडब्ल्यूपी’ फाइलीत. वीज गेलीच, तर पुढच्या खेपेला रीतसर ताकीद आणि निवडीला पर्याय: नुसतं वाचा, तरीही बदला, परत मिळवा, पुसा, निघा. मजकूर परत मिळाला तरी ती फाइल हटत नाही. उद्या पुन्हा तीच ताकीद. दुर्लक्ष केलंत, तर शेजारी ‘एसडब्ल्यूओ’ अवतरते, मग ‘एसडब्ल्यूएन’.

हे धोरण पूर्णत्वास न्यावं, अशी आमची नम्र सूचना: वापरकर्त्याला टायपिंगचीच मनाई करावी. जे लिहिलंच नाही, ते हरवेल कसं?

परत मिळालेला मजकूर सेव्ह करण्याचं किरकोळ काम मात्र तूर्त आपल्याकडेच आहे.