थोरल्या सुनेनं फोन केला

"कळलं का तुला? कोपऱ्यावरच्या बंगल्यातली गाडी पोलिसांनी उचलून नेली."

काकू कंपाउंडच्या भिंतीवर कोपर टेकवून उभ्या राहिल्या की मी आधी आत जाऊन गॅस बंद करून येते. अनुभव आहे.

"कुठली? ती पांढरी?"

"तीच. पोर्चमध्ये सावलीत उभी असते, आणि भर मे महिन्यात तिच्यावर कव्हर! तेव्हाच मी ह्यांना म्हटलं, इथं काहीतरी शिजतंय. बायपासला पहाटे त्या पेपरवाल्याला कुणी उडवलं होतं, आठवतं? ती हीच गाडी. धाकटा चालवत होता. थांबला नाही, उतरला नाही. सरळ घरी आला, गेट लावलं नि झोपला."

"आणि तो पेपरवाला?"

"सरकारी दवाखान्यात होता काही दिवस. गेला बिचारा."

"मग पोलिसांना कळवलं कुणी?"

काकूंनी आधी रस्त्याकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला. "थोरल्या सुनेनं."

हे सगळं काकूंना कसं कळलं, असं विचारायचं नसतं. धुणंभांड्याची बाई दोन्ही घरची एकच आहे.

तर झालं असं. रात्री साडेदहाला एक गॅरेजवाला घरी आला. बंपर आणि डावा हेडलाइट बदलायचा होता. थोरली सून त्याला पाणी द्यायला म्हणून बाहेर आली आणि मोबाइलच्या उजेडात तिला बंपरवर निळ्या रंगाचा ओरखडा दिसला. सायकलीचा रंग. तिनं नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, तू यात पडू नकोस. सासूबाई म्हणाल्या, देवाची कृपा, कुणी पाहिलं नाही. सासऱ्यांनी गॅरेजवाल्याला सांगितलं, जुना बंपर इथं ठेवू नको, घेऊन जा. पेपरवाला गेल्याचं पेपरात आलं त्या दिवशी ती माहेरी म्हणून बाहेर पडली आणि वाटेतून 112 ला फोन लावला.

"आता सगळी गल्ली तिच्यावर उठलीय," काकू म्हणाल्या. "कालच्या भिशीत एकच विषय. म्हणे, शेवटी परक्या घरची ती. स्वतःचा भाऊ असता तर लावला असता का फोन? एकीनं तर सरळ घरभेदी म्हटलं."

"बिभीषण रामाच्या बाजूनं होता ना पण?"

"होता. लंकेचं राज्यही मिळालं. तरी पोराचं नाव बिभीषण ठेवलेलं पाहिलंयस कुणी?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण एक सांगू? 'वास्तव' सिनेमात रीमा लागू पोटच्या पोराला गोळी घालते तेव्हा याच बायका पदरानं डोळे पुसत 'काय ती आई' म्हणत होत्या. इथे सुनेनं नुसता फोन केला.

काकू मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात क्लार्क होत्या, त्यामुळे त्यांच्याकडून कायदा फुकटात मिळतो. त्यांचं म्हणणं असं, की ती गप्प बसली असती तरी तिला कुणी काही करू शकलं नसतं. खून, दरोडा, खंडणीसाठी पळवून नेणं असल्या ठरावीक गुन्ह्यांची खबर देणं नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 33 नं सगळ्यांवर बंधनकारक आहे, पण निष्काळजीपणानं गाडी चालवून झालेला मृत्यू त्या यादीत नाही.

"कळवायचं होतं ते त्या धाकट्यानं. मोटार वाहन कायदा, कलम 134. जखमीला दवाखान्यात न्यायचं आणि उशिरात उशिरा 24 तासांत पोलीस स्टेशनला सांगायचं. आणि तो बंपर! तो हलवला ना, तिथं सासरे अडकले. पुरावा नाहीसा करणं, न्याय संहितेचं 238. जुन्या दंड संहितेचं 201. त्यात आई नाही, बाप नाही, कुणालाही सूट नाही."

"आणि गुन्हेगाराला घरात लपवलं तर?"

"249. तिथं सूट आहे, पण फक्त नवराबायकोला. बायकोनं नवऱ्याला लपवलं तर कायदा डोळेझाक करतो. आईनं लेकाला लपवलं तर नाही." काकूंनी हे असं सांगितलं, जणू कलम त्यांनीच लिहिलंय. "पुण्यातलं कल्याणीनगरचं विसरलीस? मे 2024. गाडी चालवणारा मुलगा अल्पवयीन, दोन तरुण इंजिनिअर गेले. पोराला वाचवायच्या नादात बाप, आजोबा, आई, सगळ्यांना अटक झाली. ड्रायव्हरला गुन्हा अंगावर घे म्हणून डांबलं, रक्ताचा नमुना बदलला, असे आरोप. कोर्ट काय ठरवायचं ते ठरवेल, पण मुलाला तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगून मिटलं असं वाटलेलं प्रकरण घरच्यांच्याच अंगाशी आलं की नाही?"

मग मी त्यांना अमेरिकेतली गोष्ट सांगितली, कारण तिथेही सूनच होती. टेड कझिन्स्की नावाचा गणितज्ञ. सोळाव्या वर्षी हार्वर्डला, पुढे बर्कलीत शिकवायला, मग सगळं सोडून माँटानाच्या रानात वीज-पाणी नसलेल्या खोपटात. 1978 ते 1995 या काळात त्यानं बाँब पाठवले, बरेचसे टपालानं. तीन माणसं मेली, 23 जखमी झाली. पोलिसांना पत्ता नाही. 1995 च्या सप्टेंबरात त्याचा लांबलचक जाहीरनामा 'वॉशिंग्टन पोस्ट'नं छापला. शंका मात्र त्याआधीच आली होती ती धाकट्या भावाच्या बायकोला, लिंडाला.

"म्हणजे धाकटी सून," काकू म्हणाल्या. "दिराला ओळखत होती?"

"कधी पाहिलंही नव्हतं. त्यानं नवऱ्याला लिहिलेली पत्रं तेवढी वाचली होती. नवरा, डेव्हिड, आधी मानायलाच तयार नाही. जाहीरनामा वाचला तेव्हा हादरला, ही भाषा आपल्या भावाचीच. मग जुनी पत्रं काढून ताडून पाहिली, लिंडाची बालमैत्रीण खाजगी तपासनीस होती तिला विचारलं, वकील गाठला, आणि मग एफबीआय. एप्रिल 1996 मध्ये टेडला पकडलं तेव्हा खोपटात आणखी एक बाँब तयार होता. पाठवायचाच बाकी."

"अगं बाई! आणि त्यांची आई?"

"डेव्हिडनं सांगितलं तेव्हा तिनं त्याला जवळ घेतलं. पण पुढे फार सोपं नाही गेलं हो. नाव गुप्त ठेवतो म्हणाले होते, ते फुटलं. फाशी मागू नका म्हणून डेव्हिड विनवत होता, तरी सरकारनं मागितलीच. 1998 मध्ये टेडनं गुन्हे कबूल केले तेव्हा कुठे जन्मठेपेवर आलं. दहा लाख डॉलरचं बक्षीस मिळालं, त्यातलं वकिलाचा खर्च नि कर जाऊन उरलेलं डेव्हिडनं मेलेल्या-जखमी झालेल्यांच्या घरच्यांना दिलं. तो टेडला तुरुंगात पत्रं लिहीत राहिला. टेड 2023 मध्ये मरेपर्यंत त्याच्याशी एक अक्षर बोलला नाही."

काकू थोडा वेळ कढीपत्त्याची पानं ओरबाडत राहिल्या. मग म्हणाल्या, "पण बाँब वेगळा आणि हे वेगळं. तिथं पुढचा माणूस मरणार होता. हा धाकटा काय रोज पहाटे माणसं उडवणार होता?"

खरंच, इथे मी अडकले. भिशीतल्या बायकांचंही हेच म्हणणं होतं: गेलेला माणूस परत येणार आहे का? पोराचं आयुष्य मात्र जाईल.

उत्तर काकूंनीच दिलं, आणि तेही हिशेबात. "हे बघ, गाडी सापडलीच नाही, तर मेलेल्या माणसाच्या घरच्यांना सरकारी योजनेतून 2 लाख मिळतात. 1 एप्रिल 2022 पासून. त्याआधी 25 हजार होते! गाडी सापडली, की दावा आमच्याकडे येतो. माणसाचं वय काय, कमाई किती, पाठीमागे खाणारी तोंडं किती, यावरून रक्कम ठरते. तिशी-पस्तिशीचा कमावता माणूस असेल तर 2 लाखांच्या कितीतरी पट. आणि लायसन्स, विमा धड असेल तर ती विमा कंपनी भरते, या बंगल्यातल्यांच्या खिशातून दमडी जात नाही. तीस वर्षं हेच पाहिलं मी. गाडीचा नंबर नाही म्हणून परत गेलेल्या बायका पाहिल्या. लहान पोर कडेवर, हातात पोस्टमॉर्टेमचा कागद, आणि मी खिडकीतून सांगायचं, बाई, वाहन अज्ञात आहे."

एवढं बोलून त्या थांबल्या. मीही काही बोलले नाही. पेपरवाल्याला बायको आहे, हे मला त्या क्षणापर्यंत सुचलं नव्हतं. भिशीतही कुणाला सुचलं नसावं.

"धाकट्याचं काय होईल?"

"न्याय संहितेचं कलम 106. पाच वर्षांपर्यंत. जामीन होतो त्यात. लगेच येऊन सांगितलं असतं तर कोर्टानंही वेगळ्या नजरेनं पाहिलं असतं. खरं तर थोरल्यानंच चांगला वकील घेऊन भावाला स्वतः पोलिसांकडे न्यायला हवं होतं. भावाला धरून राहणं आणि भावाला लपवणं यात फरक आहे, एवढं त्या घरात एकालाही कळू नये?"

तेवढ्यात बंगल्यातली सासू रिक्षातून उतरताना दिसली. आमच्याकडे न बघता आत गेली. काकूंनी आवाज जराही कमी केला नाही.

"पुढची भिशी माझ्याकडे आहे. त्या सुनेला फोन करून बोलावलंय मी, येते म्हणाली. जिला तिच्या शेजारी बसायचं नसेल तिनं हप्ता पाठवून द्यावा."