कायमचा इलाज

कोल्हापुरातल्या प्रत्येक पेठेत एक तालीम, एक मिसळीचं दुकान आणि एक बुलेटराव असतातच. बुलेटरावांनी चाळिशी ओलांडलेली असते, नोकरी सहकारी बँकेत किंवा पाटबंधारे खात्यात असते आणि दारात जुन्या कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट असते. ही बुलेट हमखास ‘मिलिटरी ऑक्शनची’. सगळ्या बुलेटरावांचं म्हणणं खरं धरलं, तर आपल्या सैन्याला सरहद्दीवर चालतच जावं लागलं असेल.

१९५५ साली इंग्लंडातल्या रेडिचहून सुटे भाग आले आणि मद्रासला बुलेट जोडायला सुरुवात झाली, हे ते अशा थाटात सांगतात, की खोकी उतरवून घ्यायला जणू तेच गोदीवर उभे होते. डिकॉम्प्रेसर दाबून, ॲमीटरचा काटा मधोमध आणून ते किक मारतात तेव्हा गल्लीतली पोरं क्रिकेट थांबवतात. ‘ॲव्हरेज किती देते?’ असं विचारणाऱ्याशी मात्र ते बोलणं टाकतात.

ह्या इंजिनाच्या बाहेरून एक बारीक नळी वर रॉकर बॉक्सकडे जाते. वर तिला दोन फाटे फुटतात. खाली एक आणि वर दोन अशा तीन ठिकाणी ती बँजो बोल्टनं आवळलेली असते, आणि प्रत्येक बोल्टाला दोन तांब्याचे वायसर. वायसर जुने झाले की तिथून तेल पाझरतं. सामान्य माणूस अशा वेळी खाली पुठ्ठा टाकतो. मिस्त्रीमामा त्याच्यापुढं एक पायरी जातात. वायसर चिमट्यात धरून शेजारच्या चहाच्या गाड्यावर, स्टोव्हच्या जाळात लालभडक करायचे आणि पाण्यात टाकायचे. तांबं पुन्हा मऊ पडतं, आवळलं की नीट बसतं. खर्च एका कटिंगचा.

पण बुलेटरावांना असला इलाज चालत नाही. त्यांना कायमचा इलाज हवा असतो. कायमचा इलाज म्हणजे ब्रेडेड होज. आत टेफ्लॉनची नळी, वरून स्टेनलेसच्या तारांची वीण. ‘मामा, ही विमानात वापरतात!’ बुलेटराव सांगतात. मामा एकदा बुलेटकडं बघतात, एकदा आभाळाकडं.

‘साहेब, शेकडो पीएसआय प्रेशर सोसणारी नळी ही. आपल्या रॉकरला प्रेशर कुठलं आलंय? तेल आपलं निवांत चढतंय वर.’

‘म्हणून काय झालं? मार्जिन पाहिजे.’

मार्जिन हा बुलेटरावांचा आवडता शब्द. बँकेत कर्जदारासमोर आणि घरी नळीसमोर ते तो सारख्याच गांभीर्यानं वापरतात.

मग फिटिंगांची निवड सुरू होते. ती एएन मापाची, म्हणजे अमेरिकेच्या आर्मी-नेव्हीची. मापाचा आकडा इंचाच्या सोळाव्या भागात धरायचा, म्हणून चार नंबर म्हणजे पाव इंच. तोंडाचा उतार ३७ अंशांचा. हे सगळं बुलेटरावांना अथर्वशीर्षासारखं तोंडपाठ असतं. अडचण एकच. गाडीचे आटे इंग्रजी आणि फिटिंगचे अमेरिकन. दोघांची सोयरीक जुळवायला उद्यमनगरात लेथवाल्याकडं ॲडॅप्टर कातायला टाकावे लागतात. लेथवाला साखर कारखान्याचा भलामोठा शाफ्ट बाजूला सारून, बोटाएवढा तुकडा हातात घेतो आणि विचारतो, ‘हे कशाचं म्हणायचं?’ बुलेटराव रेडिचपासून सुरुवात करतात. कारखान्याचा शाफ्ट त्या दिवशी होत नाही.

उद्यमनगराच्या ह्या सगळ्या खेपा वहिनींच्या स्कूटरवरून. बुलेट उघडलेली असते ना!

नळी कापणं हा वेगळा अध्याय. कापायच्या जागी घट्ट चिकटपट्टी गुंडाळायची, मगच ग्राइंडर लावायचा, नाहीतर तारा पिंजारतात. चिकटपट्टी शाळेच्या प्रोजेक्टमध्ये संपलेली असते आणि बुलेटरावांना धीर नसतो. तारा पिंजारतात आणि एकेक करून बोटांत शिरतात. ‘अहो, आधी हळद लावा,’ वहिनी म्हणतात. ‘हळद नको, ॲसिटोन दे,’ असं उत्तर येतं.

अखेर नळ्या चढतात. चंदेरी नळ्या, निळी-तांबडी फिटिंगं. गल्ली बघायला लोटते. कुणीतरी मनापासून ‘नाद खुळा!’ म्हणतो आणि बुलेटरावांचा सगळा खर्च तिथल्या तिथं वसूल होतो. मामा मात्र लांबून सांधे मोजत असतात. पूर्वी तीन सांधे होते. आता तीन बँजोंवर तीन तोंडं चढली आणि मधल्या टी-जोडाला आणखी तीन. एकूण नऊ.

‘साहेब, गळायला जागा तिप्पट केली की हो तुम्ही.’

पंधरवड्यात दुसरी गंमत कळते. स्टेनलेसची वीण ज्याला घासते त्याला कानशीसारखी खाते, आणि ती घासत असते पेट्रोलच्या टाकीला. हातानं ओढलेली सोनेरी रेघ पुसून पत्रा दिसू लागतो. मग नळीला रबरी अस्तराचे क्लॅम्प येतात, टाकी पेंटरकडं जाते, नव्या टाकीशेजारी मडगार्ड मळकट दिसतं म्हणून तेही जातं. एवढं होऊन एका सकाळी फरशीवर पुन्हा तेलाचा ठिपका. नळी कोरडी ठणठणीत. आता तेल पाझरतं रॉकर कव्हरच्या गॅस्केटातून. खचून जाण्याऐवजी बुलेटरावांचा चेहरा उजळतो. ‘बघा मामा, नळी एवढी भक्कम झाली, की तेलाला दुसरी वाट शोधावी लागली!’ त्याच संध्याकाळी ऑइल कूलरचा विषय निघतो.

मधल्या काळात वहिनींची स्कूटर बाजार, बँक, शाळा आणि उद्यमनगर असं सगळं बिनतक्रार वाहत असते. बुलेटरावांना तिच्याबद्दल मुळीच आदर नाही. ‘बटण दाबलं की सुरू होते, ह्यात काय गाडीपण आहे?’ पण परवा बुलेटचं टाकीविना धड पेंटरची वाट बघत उभं असताना, रिकाम्या हातांनी बसलेल्या बुलेटरावांची नजर स्कूटरवर खिळली. शिल्लक राहिलेला हातभर होज घेऊन ते तिच्याभोवती दोनदा फिरले, खाली वाकून इंजिनाच्या आसपास काहीतरी मापू लागले.

वहिनी स्वयंपाकघरातून आल्या. स्कूटरची किल्ली काढून त्यांनी पर्समध्ये टाकली.

‘हिला बरं करायचं नाही,’ त्या म्हणाल्या. ‘ही चालते.’