एकाच पाटलांची तीन खाती

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ग्राहक शोधणे सोपे. कठीण असते ते आपणच त्याचे नाव कसे लिहिले होते हे आठवणे. ‘पाटील ट्रेडर्स’, ‘पाटिल ट्रेडर्स’ आणि ‘पाटील ट्रेडर्स नवीन’ ही संगणकाला तीन गिऱ्हाइके वाटतात. विक्री पहिल्याच्या नावे, जमा दुसऱ्याच्या, तिसरे बिचारे शून्य बाकी घेऊन बसलेले. आणि पैसे चुकते केलेल्या भल्या माणसाला उधारीचा तगादा. कोणी म्हणेल, 15 अक्षरी जीएसटी क्रमांक आहे की! आहे, पण नोंदणी नसलेल्याचा कुठून आणायचा? खतावणीची पाने चाळताना दिवाणजींच्या डोळ्यांना असे जुळे खुपायचे. इथे एंटर दाबला की सगळे पडद्याआड. वर्षअखेरीस शेठ सॉफ्टवेअरच बदलतात. नव्यातही पाटील तिघेच येतात, कारण जुनी खाती जशीच्या तशी आयात होतात.