पिकअपग्रस्त

पूरग्रस्त, धरणग्रस्त, प्रकल्पग्रस्त यांची सरकारदरबारी नोंद असते. पिकअपग्रस्तांची कुठेच नसते. हा माणूस पंचेचाळिशीच्या आसपासचा, आयटीत बऱ्या पगारावर, गृहकर्ज उतरणीला लागलेला. कधीकाळी कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये त्याने चार गाणी वाजवलेली असतात. मग एका रविवारी सकाळी दूध तापवता तापवता त्याला प्रश्न पडतो : बेस गिटारला पिकअप एक असावा की दोन? दूध उतू जातं. त्यानंतर त्या घरात ते वारंवार उतू जायला लागतं.

आमच्या सोसायटीतला पिकअपग्रस्त 'बी' विंगच्या चौथ्या मजल्यावर राहतो. लागण ताजी होती तेव्हा त्याने मला लिफ्टमध्ये गाठलं. "तुला काय वाटतं, एक पिकअप पुरेल की दोन घ्यावेत?"

"सामान किती आहे त्यावर आहे," मी म्हटलं. "फ्रीज आणि कपाट असेल तर सरळ टेंपोच बघ."

लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरचे काका होते. त्यांच्या मते गाडीचा पिकअप गेला असेल तर एकदा कार्बोरेटर साफ करून बघायला काय हरकत होती? आम्हा दोघांकडे त्याने ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी नंतर ओळखायला शिकलो. जग अडाणी आहे आणि आपल्याला त्यातच राहायचंय, हे कळलेल्या माणसाची ती नजर असते.

पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेली चपटी डबी. आत लोहचुंबक आणि त्याभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं, वेढ्यांत इवलीशी वीज निर्माण होते आणि पुढे अँप्लिफायर तिला मोठं करतो. दहावीला हे विज्ञानात होतं. तेव्हा तीन मार्कांना यायचं, आता पगाराला येतं. खरी मेख डबी कुठे बसवली यात आहे. झोपाळ्याची कडी वर हुकापाशी जेमतेम हलते आणि खाली पाट ऐसपैस झुलतो. तारेचंही तसंच. जिथे ती बांधलेली, त्या ब्रिजपाशी तिचं हलणं आखडतं, म्हणून तिथला सूर नाकातला पण नेमका. मानेकडे सरकावं तसा तो गोल आणि भरदार होत जातो. दोन पिकअप असले की दोन्ही सूर हाताशी, आणि त्यांचं मिश्रण करायला नॉब. ऐकायला सोपं वाटतं. त्याच्याकडून ऐकाल तर सव्वादोन तास लागतात, चहा धरून.

त्याची सुरुवात नेहमी 1951 पासून होते. कॅलिफोर्नियात रेडिओ दुरुस्त करता करता गिटारी बनवायला लागलेल्या लिओ फेंडरने त्या साली प्रिसिजन बेस बाजारात आणला. पिकअप एक. 1957 मध्ये त्याने त्याच पिकअपचे दोन तुकडे केले : अर्धा दोन जाड्या तारांना, अर्धा दोन बारक्यांना, तरी हिशेबात तो एकच. मग 1960 मध्ये जॅझ बेस आला, त्याला मात्र दोन. "म्हणजे नऊ वर्षांत लिओला स्वतःलाच एकाचं समाधान झालं नाही बघ," हे वाक्य तो खालच्या आवाजात सांगतो, घराण्यातली भानगड सांगावी तसं. या लिओ फेंडरला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, हेही तो सांगतो. त्या एका बाबतीत त्याने लिओचा वारसा पुष्कळच सांभाळला आहे.

मग पंथ. 'पी'वाले आणि 'जे'वाले. पीपंथाचं दैवत म्हणजे डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीचा जेम्स जेमर्सन. एक बेस, एक पिकअप, आणि उजव्या हाताचं फक्त एक बोट. तेवढ्यावर त्याने साठच्या दशकातली अमेरिका नाचवली. तारासुद्धा तुटल्याशिवाय बदलत नसे म्हणतात. हे ऐकून आमचा गृहस्थ आठवडाभर एका बोटाने वाजवत होता. नंतर त्या बोटाला फोड आला आणि तो जेपंथात गेला. तिकडे जॅको पास्टोरियस, पडदे उपटलेला जॅझ बेस घेऊन बसलेला. इथे गोची अशी, की जॅकोचा तो प्रसिद्ध बोलका सूर मुख्यत्वे ब्रिजकडच्या पिकअपचा. म्हणजे दोन असलेल्या माणसाने भर दिला तो एकावरच! त्या रात्री बी विंगच्या चौथ्या मजल्यावर दीड वाजेपर्यंत दिवा होता.

आपल्याकडे पंचमदांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस वाजवायचे. त्यांच्याबद्दलही त्याला एवढंच हवं असतं : त्यांच्या गिटारला किती होते? मी तीच गाणी घरच्या खोकलणाऱ्या ट्रान्झिस्टरवर ऐकून मोठा झालो. त्यात बेस नावाचं काही असतं, हे मला चाळिशीत हेडफोन घेतल्यावर कळलं.

घरी आता तीन बेस आहेत. एक पिकअपवाला, दोनवाला, आणि पीच्या अंगावर ब्रिजपाशी जेचा पिकअप बसवलेला एक 'पीजे', म्हणजे सर्वपक्षीय सरकार. तिन्हींच्या किमती घरात सांगितल्या गेल्या आहेत. खऱ्या मात्र सांगितलेल्या नाहीत.

एकदा त्याने मला परीक्षेला बसवलं. सोफ्यावर बसायचं, डोळे मिटायचे, तो वाजवणार, मी सांगायचं : एक की दोन. मी भक्तिभावाने डोळे मिटले. धुम्. "एक?" चूक. धुम्. "दोन?" चूक. तिसऱ्यांदा मी उत्तर द्यायच्या आत स्वयंपाकघरातून आवाज आला, "दोन. पण एकाचा नॉब थोडा खाली आहे."

त्याने गिटारकडे पाहिलं. खरंच खाली होता. पुढची सहाही उत्तरं वहिनींनी पोळ्या लाटता लाटता बरोबर दिली.

"तुम्हाला कसं कळतं हो?"

"त्यात काय! घूं येते ना," त्या म्हणाल्या. "दोन्ही नॉब पूर्ण उघडे असले की घूं नसते. एक खाली केला की सुरू. आणि त्या तुकडेवाल्याला मुळात नसतेच."

हे शास्त्राला धरून आहे. साधा एकेरी वेढ्यांचा पिकअप तारेबरोबर घरातल्या विजेची गुणगुणही उचलतो. जॅझ बेसमध्ये ही जोडी उलटसुलट वेढ्यांची आणि उलट चुंबकाची असते. दोन्ही सारखे उघडले की दोघांची घूं एकमेकींना गिळते. पीचे दोन तुकडेही याच युक्तीने गप्प राहतात. आता गंमत बघा. दोन पिकअप घ्यायचे ते असंख्य छटांसाठी. पण सगळ्यात शांत छटा एकच, दोन्ही नॉब शेवटपर्यंत! आणि तसे ते उघडले, की एकच तार दोन ठिकाणी ऐकल्यामुळे मधले काही स्वर परस्पर वजा होतात. रात्री हेडफोन लावून हा पोकळ सूर अमृतासारखा लागतो. ढोलकी, कीबोर्ड आणि चार गायकांच्या गर्दीत तो शोधून सापडत नाही. उलट एकट्याने ऐकताना पीचा पिकअप रेडा हंबरल्यासारखा वाटतो, आणि गर्दीत तोच तेवढा ऐकू येतो. पिकअपग्रस्ताची शोकांतिका ही, की तो निवड घरात करतो आणि वाजवायचं मांडवात असतं.

आजार आनुवंशिक आहे, हे मला नाना भेटल्यावर कळलं. नाना म्हणजे त्याचे वडील. चाळीस वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवली. "याला काही कळत नाही," ते मला कोपऱ्यात नेऊन म्हणाले. "एक काय, दोन काय! मुळात खर्ज-नर घ्यायची की नर-नर, हा खरा प्रश्न आहे." मग पेटीतल्या दुहेरी सुरांवर एक तास. नर-नर पेटी लखलखते, पण खर्ज-नर भजनाला आधार देते. आणि तीन सुरी घेतली तर भाता मारून खांदा जातो. आईंनी (त्या आता नाहीत) या विषयावर एकदा माहेरी निघून जायची धमकी दिली होती, असंही कळलं. कारण विचारलं तर नाना म्हणाले, "तिला नर-नर आवडायची."

गणपतीत सोसायटीचा ऑर्केस्ट्रा असतो. सूत्रसंचालन माझ्याकडे, म्हणजे वाद्यांतलं कळत नाही हे ओघानेच आलं. तालमीला त्याने दोनवाला बेस आणला आणि जॅको संचारल्यामुळे मानेकडचा नॉब पार बंद केला. मांडवात दिव्यांच्या माळा होत्या. जी घूं उठली, ती ऐकून वॉचमन मोटर जळाली म्हणून पंपाकडे धावला. त्यामुळे कार्यक्रमाच्या संध्याकाळी एकवाला आला. "ठरलं," तो म्हणाला. "एकच. आता शांत झोप लागेल."

तेवढ्यात साउंडवाला पोरगा वायर घेऊन आला. "सर, एक लाइन देऊ का दोन?"

तो थिजला. मी घड्याळ लावून सांगतो, पाऊण मिनिट. "दोन दिल्या तर काय होईल?"

"एक तुमची, एक कीबोर्डवाल्या मॅडमची."

तिसऱ्या गाण्याला तो रंगात आला. डोळे मिटलेले, मान डोलतेय, बोटं पळताहेत. कोळीगीत होतं, पुढच्या रांगेतल्या बायका उठून नाचायला लागल्या होत्या. त्या गडबडीत कुणाचा तरी पाय वायरीत अडकला आणि बेसची जॅक निसटून खाली पडली. नाच चालूच. ढोलकी चालूच. साउंडवाला मोबाइलमध्ये. सगळ्यात विशेष म्हणजे तोही चालूच, त्याच समाधीत, त्याच बोटांनी, अर्धं कडवं.

पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवरून नाना काठी टेकत उभे राहिले. "अरे, खर्ज गेला!" ते ओरडले. "थांबवा! खर्ज गेला!" लोकांना वाटलं त्यांना भोवळ आली. डॉक्टर कुलकर्ण्यांना हाक गेली, पाणी आलं, कुणी कांदाही आणला. नाना काठीने मंचावरची वायर दाखवताहेत आणि चार जण त्यांना आडवं करायला बघताहेत, अशा अवस्थेत ते गाणं संपलं.

रात्री साडेअकराला माझा फोन वाजला.

"झोपला नाहीस ना? नाना विचारतायत, पेटीला पिकअप बसवता येतो का? मी म्हटलं, बसवता येईल, पण एकच पुरे..."

मागून नानांचा आवाज आला, भाता पूर्ण भरल्यासारखा. "एकाने काय होतंय! दोन लागतील. एक मंद्राच्या अंगाला, एक तारसप्तकाच्या!"